मार नाही, कीड नाही, आणि तरी दुधाचा दात मुळासकट पडला तर

दुधाचे दात पडायचेच असतात, त्यामुळे लहान मुलाचा दात जरा लवकर पडला तर घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. "कुठेतरी आपटला असेल", "जाऊ दे, नवीन येईलच की" असं म्हणून विषय संपतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, मूल खरोखरच कुठेतरी आपटलेलं असतं. पण दोन-अडीच वर्षांच्या पोराचा खालचा पुढचा दात, मार लागला नाही, कीड नाही, हिरडी सुजलेली नाही आणि तरी आपोआप हलायला लागला आणि एक दिवस हातात आला, असं झालं असेल तर तो दात फेकून देऊ नका. आधी उलटा धरून त्याचं खालचं टोक बघा.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा वेळेवर पडलेला दात बघितला असेल तर आठवा, त्याला मूळ जवळपास नसतंच. वरचा पांढरा भाग तेवढा असतो आणि खालून तो पोकळ, कडा कुरतडल्यासारख्या. कारण खालून पक्का दात वर यायला लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात, शेवटी दात नुसता हिरडीला चिकटून राहतो आणि जिभेने ढकलून ढकलून पडतो. आता ज्या दाताबद्दल आपण बोलतोय तो हातात घेतला तर वेगळाच दिसतो, मूळ अख्खं, निमुळतं, टोकापर्यंत शाबूत, तोंडात दिसणाऱ्या भागापेक्षाही लांब. रक्त आलं तर नावापुरतं, मूल रडलंही नसेल. जबड्याने तो दात जणू नुसता सोडून दिलेला असतो.

इथे एक गोष्ट लगेच सांगतो नाहीतर उगाच घाबरायला होईल. मार लागून पडलेल्या दातालासुद्धा या वयात पूर्ण मूळ असतं, कारण खालच्या पुढच्या दातांची मुळं साधारण दीड वर्षाच्या आसपास पूर्ण होतात आणि विरघळायला बऱ्याच नंतर सुरुवात होते. म्हणजे नुसतं लांब मूळ दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. मूळ अख्खं, वय पाचच्या आत, आणि पडायला काही कारणच नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मात्र डॉक्टरांच्या डोक्यात एक नाव यायला हवं, हायपोफॉस्फेटेशिया.

दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे हा. १९४८ साली कॅनडातल्या टोरांटोचे बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी एका बाळाचं वर्णन करताना हे नाव दिलं. त्या बाळाची हाडं मुडदूस झाल्यासारखी मऊ होती, फिट्स येत होत्या, आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम अगदी कमी होतं, जे मुडदुसाच्या बरोबर उलटं आहे कारण मुडदुसात हे वाढतं. आजाराचं गंभीर रूप साधारण एक लाख जन्मांत एक असं टोरांटोकडच्या जुन्या अंदाजात धरलं होतं, कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या समाजात मात्र ते साधारण २५०० जन्मांत एक इतकं दिसतं. सौम्य रूप याहून बरंच जास्त असणार, कारण ते पकडलंच जात नाही. आणि या सौम्य रूपाची पहिली खूण, कित्येकदा एकमेव खूण, तोंडात असते.

आता हे होतं कसं ते बघू, कारण एकदा हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप जुळतं.

हाड किंवा दात टणक होतो म्हणजे काय, तर प्रोटीनच्या जाळ्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसतात. पण हे स्फटिक शरीरात कुठेही बसून चालणार नाही, नाहीतर रक्तवाहिन्याही दगड होतील, म्हणून शरीराने एक ब्रेक ठेवलाय, त्याचं नाव पायरोफॉस्फेट. हा पदार्थ स्फटिक वाढू देत नाही. जिथे हाड किंवा दात तयार करायचा आहे तिथे हा ब्रेक काढायला लागतो आणि ते काम अल्कलाइन फॉस्फेटेज करतं, म्हणजे ते पायरोफॉस्फेटचे तुकडे करतं, ब्रेक जातो आणि वर त्याच तुकड्यांतून फॉस्फेटही मिळतं. हायपोफॉस्फेटेशियामध्ये हे एन्झाइम बनवणारं जीन, एएलपीएल त्याचं नाव, बिघडलेलं असतं. एन्झाइम कमी, त्यामुळे पायरोफॉस्फेट साचतं, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. शरीरात कॅल्शियम भरपूर आहे, फॉस्फेट आहे, व्हिटॅमिन डी आहे, सगळं आहे, पण बसायला जागाच मिळत नाही.

दातांवर याचा परिणाम इतका ठळक का होतो? दाताच्या मुळावर एक अतिशय पातळ थर असतो, सिमेंटम म्हणतात त्याला. दात जबड्यात सिमेंटने चिकटवल्यासारखा बसलेला नसतो, तो हजारो बारीक तंतूंवर टांगलेला असतो, तंतूंचं एक टोक हाडात रुतलेलं आणि दुसरं या सिमेंटममध्ये. मुळाच्या वरच्या भागातला, म्हणजे हिरडीजवळचा सिमेंटम पेशी नसलेला प्रकार असतो आणि तोच दात धरून ठेवायचं मुख्य काम करतो, आणि गंमत अशी की सगळ्या शरीरात पायरोफॉस्फेटला इतका चटकन बळी पडणारा भाग दुसरा क्वचितच असेल. थोडंसं पायरोफॉस्फेट वाढलं तरी हाडं कशीबशी निभावून नेतात पण हा थर तयारच होत नाही. मग तंतूंचं काय होतं, तर तंबूचे दोर आहेत, ताणही आहे पण खुंटीच ठोकलेली नाही, दोर कशाला बांधणार? तंतू मुळापर्यंत येतात आणि तिथे त्यांना धरायला काही नसतं. दात काही महिने हिरडीच्या भरवशावर उभा राहतो, चावताना हलतो, आणि मग सुटतो.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही हां. याच्या उलटी परिस्थितीही बघितलेली आहे. ज्यांच्यात जन्मतःच पायरोफॉस्फेट फार कमी बनतं अशा वेगळ्या आजारात, तो ईएनपीपी१ जीनच्या बिघाडामुळे होतो, मुळावर सिमेंटम नेहमीपेक्षा खूप जाड दिसतो. म्हणजे ब्रेक जास्त दाबला की थर गायब, ब्रेक सुटला की थर जाड. उंदरांमध्ये आणि माणसांमध्येही हे दिसलंय. मला स्वतःला हा सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो.

आता कुठले दात जातात ते बघा. बहुतेक वेळा पहिले खालचे मधले दोन, मग वरचे पुढचे, मग बाजूचे, कधी सुळे. दाढा बऱ्याचदा टिकतात, त्यांना दोन-तीन मुळं असतात आणि पकड पसरलेली असते. म्हणजे अगदी टिपिकल चित्र असं की मूल दोन-तीन वर्षांचं आहे, पुढचे चार-सहा दात गेलेत, हिरडी बघितली तर चांगली गुलाबी, आणि मागच्या दाढा व्यवस्थित. साध्या हिरडीच्या रोगात असं होत नाही, तिथे लालसरपणा असतो, सूज असते, ब्रश लावला की रक्त येतं, घाणीचा थर दिसतो. इथे तोंड स्वच्छ असूनही दात हलतात आणि यामुळेच बघणारा गोंधळतो. कधी कधी हिरडी थोडी सुजलेली असतेही, कारण पकड ढिली झाली की जंतूंना आत जायला वाट मिळते, पण ती सूज नंतर आलेली असते, मूळ कारण नव्हे.

जबड्याचं काय? जबड्याच्या हाडाचा जो काठ दातांना खोबण देतो तो दाताशिवाय टिकत नाही, दात गेला की झिजायला लागतो, हे कुणाच्याही बाबतीत खरं आहे. इथे मात्र दात पडायच्या आधीपासूनच तो काठ खाली गेलेला असतो. एक्स-रेमध्ये पुढच्या दातांच्या मधलं हाड आडवं खाली सरकलेलं दिसतं, जिथे मुळाच्या मानेपर्यंत हाड असायला हवं तिथे ते अर्ध्यावर किंवा त्याहून खाली. हाडच कमी खनिजाचं बनलेलं, त्यात तंतूंचा ताण नाही, त्यात जंतू, असं सगळं मिळून ते होतं.

त्याच एक्स-रेमध्ये अजून एक गोष्ट नीट बघितली तर सापडते. दाताच्या आत जी पोकळी असते, ज्यात नस असते, ती मोठी दिसते, मुळातला नळ रुंद दिसतो आणि भोवतीची डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या टणक थराची, भिंत पातळ. काही दातांत तर भिंत इतकी पातळ की नुसतं टरफल उरल्यासारखं वाटतं. म्हणजे डेंटिनलाही फटका बसतो, फक्त सिमेंटमला नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की या दाताला थोडीशी कीड लागली तरी ती नसेपर्यंत लवकर पोचू शकते, आणि म्हणून अशा मुलाच्या दाढांकडे जास्त लक्ष द्यायला लागतं. एनॅमलमध्येही, म्हणजे दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचातही, काहींना दोष असतो, कधी दात उशिरा येतात, पण हे सगळ्यांमध्ये नसतं आणि त्यावरून एकट्यावरून काही ठरवता येत नाही.

पक्के दात कसे असतात हा पालकांचा पुढचा प्रश्न असतो. सरळ उत्तर नाहीये. बऱ्याच मुलांमध्ये पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा बरे टिकतात. पण काहींमध्ये तेही सैल होतात, काहींना मोठेपणी पडतात, आणि पोकळी मोठी असणं हे त्यांच्यातही दिसू शकतं. आजार किती तीव्र आहे यावर बरंच अवलंबून असतं.

तीव्रता हा शब्द इथे अगदी महत्त्वाचा आहे कारण एकाच जीनच्या बिघाडातून पाच-सहा वेगवेगळे आजार वाटावेत इतका फरक पडतो. एका टोकाला पोटातच हाडं नीट न बनलेलं बाळ, छातीचा पिंजरा इतका लहान की श्वास घेता येत नाही, आणि औषध येण्याआधी यातली बरीच बाळं वाचत नसत. पहिल्या सहा महिन्यांत लक्षणं दिसणारं एक रूप आहे, त्यात वजन वाढत नाही, कवटीच्या शिवणी लवकर जुळतात, रक्तात कॅल्शियम वाढतं. मग बालपणातलं रूप, चालायला उशीर, डुलत चालणं, पाय दुखणं, आणि हेच दात पडणं. मोठेपणी सुरू होणारं रूप आहे ज्यात पावलाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर होतं आणि महिनोन्महिने भरत नाही. आणि दुसऱ्या टोकाला ते रूप ज्यात फक्त दात, हाडं एकदम ठीक, एक्स-रे ठीक, मूल धावतंय, खेळतंय. याला ओडोंटोहायपोफॉस्फेटेशिया म्हणतात. सगळ्यात सौम्य रूप हेच.

म्हणून हे डेंटिस्टच्या खुर्चीत पकडलं जायला हवं असं म्हणतात. हाडांच्या डॉक्टरकडे असं मूल जाणारच नाही, त्याचं काही दुखत नाहीये. आणि दात बघून "हा दुधाचा आहे, नवीन येईल" एवढं सांगून घरी पाठवलं की संधी गेली. नवीन येईल हे खरंच आहे, पण जुना का गेला हे तेवढ्याने कळत नाही ना.

आता टेस्ट, आणि इथे जरा थांबून सांगतो कारण खरी फसगत इथेच होते. टेस्ट काही महागडी नाही, लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये जे एएलपी असतं तेच हे, एएलपी म्हणजे आपलं अल्कलाइन फॉस्फेटेज. लाखो लोकांचं ते होत असतं. पण डॉक्टरांना सवय असते एएलपी वाढलंय का हे बघायची, कारण लिव्हर बिघडलं, पित्ताची नळी अडकली, हाडाचा आजार झाला, की ते वाढतं. कमी आलं तर? बहुतेक वेळा कुणी बघत नाही, काही लॅबवाले तर कमी असल्याची खूणही करत नाहीत. त्यात मुलांचा वेगळाच घोळ. वाढत्या वयात हाडं बनत असतात म्हणून मुलांचं एएलपी मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. मोठ्यांची रेंज साधारण ४० ते १२० च्या आसपास धरली जाते, लॅबनुसार थोडं इकडेतिकडे, लहान मुलांची खालची मर्यादाच शंभराच्या वर असते. आता तीन वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आला ९०, आणि लॅबने शेजारी मोठ्यांचीच रेंज छापली, तर तो रिपोर्ट दिसायला नॉर्मल. काळ्या अक्षरात, बाण नाही, काही नाही. प्रत्यक्षात त्या वयाला तो कमी आहे. म्हणून मुलाचा रिपोर्ट हातात आला की रेंज त्याच्या वयाची आहे का हे विचारायचं, लाजायचं नाही.

एकदा कमी आलं म्हणजे लगेच हाच आजार असंही नाही हां. एएलपी झिंकवर चालतं, त्यामुळे झिंक कमी असेल तरी ते कमी येतं. थायरॉइड मंद असेल, कुपोषण असेल, जास्तच अशक्त असेल माणूस, हाडांची काही औषधं चालू असतील, तरी कमी येतं. आणि एक गमतीशीर कारण म्हणजे रक्त चुकीच्या बाटलीत घेतलं, ईडीटीएवाल्या बाटलीत, की ते केमिकल झिंक आणि मॅग्नेशियम खेचून घेतं आणि एएलपी खोटंच कमी येतं. उलटही होतं, गर्भारपणात नाळेतलं एएलपी रक्तात येतं किंवा नुकतंच हाड मोडलेलं असेल तर ते वाढतं आणि खरा कमीपणा झाकला जातो. म्हणून पुन्हा, दोनदा वेगवेगळ्या वेळी, व्यवस्थित करून बघतात.

मग पुढची पायरी. एन्झाइम नसल्यामुळे जे पदार्थ साचतात ते मोजतात, त्यातला उपयोगी म्हणजे व्हिटॅमिन बी-६ चं एक रूप, पायरिडॉक्सल फॉस्फेट, ते रक्तात वाढलेलं असतं. (बी-६ च्या गोळ्या किंवा मल्टिव्हिटॅमिन चालू असतील तर हे वाढलेलंच येणार, म्हणून टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगायला विसरू नका.) लघवीत फॉस्फोइथॅनोलअमाइनही वाढतं पण ते दुसऱ्याही कारणांनी वाढू शकतं. शेवटी जीनची तपासणी. एएलपीएलमधले शेकडो वेगवेगळे बिघाड आत्तापर्यंत सापडलेत, पहिला १९८८ मध्ये.

बी-६ चं नाव आलंच आहे तर एक सांगून टाकतो. हे एन्झाइम बी-६ ला मेंदूच्या पेशींत शिरता येईल अशा रूपात आणतं. गंभीर रूपाच्या बाळांत ते होत नाही, म्हणून रक्तात बी-६ खच्चून भरलेलं आणि मेंदूत मात्र तुटवडा, त्यातून फिट्स येतात. रॅथबनच्या त्या बाळाला येणाऱ्या फिट्सही याच आजारात बसतात.

आणि तो पडलेला दात? तो पुरावाच आहे. स्वच्छ छोट्या डबीत ठेवा आणि पहिल्या व्हिजिटला घेऊन जा. त्याचा पातळ छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर मुळावर सिमेंटम आहे की नाही ते दिसतं. साध्या डोळ्यांनीही मूळ विरघळलंय की अख्खं आहे एवढं तर कळतंच. ज्या आईवडिलांनी दात ठेवलेला नाही त्यांनी निदान फोटो काढलेला असेल तर तोही चालेल.

लवकर दात पडायची दुसरी कारणंही आहेत आणि डेंटिस्टने ती डोक्यात ठेवायची असतात, कारण त्यातली काही याहून घाईची आहेत. पापिलाँ-लफेव्हर नावाचा आजार आहे, १९२४ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलेला, त्यात हिरड्या भयंकर सुजतात, पू येतो, दात लवकर पडतात, आणि सोबत तळहात-तळपायांची कातडी जाड, खरखरीत होते. तळवे बघितले की हा ओळखता येतो, त्यामुळे लहान मुलाचे दात हलत असतील तर डॉक्टरने तळवे बघणं हा अगदी फुकटचा आणि चांगला तपास. पांढऱ्या पेशी फार कमी असण्याचे काही आजार, ल्युकेमिया, आणि लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, ज्यात जबड्याचं हाडच खाल्लं जातं आणि एक्स-रेमध्ये दात हवेत तरंगल्यासारखे दिसतात, हेही असू शकतं. ताप, अंगावर निळे डाग, वजन उतरणं, गळ्यात गाठी, असं काही सोबत असेल तर दुसऱ्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे. त्यात महिनाभर वाट बघायची नसते.

नावाच्या सारखेपणामुळे एक गोंधळ होतो तोही सांगतो. रक्तातलं फॉस्फेट कमी होण्याचा एक वेगळा आनुवंशिक आजार आहे, एक्सएलएच म्हणतात, त्यातही पाय वाकतात, त्यातही दातांचा त्रास, पण तिथे दात सैल होऊन पडत नाहीत, कीड नसलेल्या दाताच्या मुळाशी पू होतो, गळू येतं. आणि तिथे एएलपी वाढलेलं असतं. आपल्या आजारात फॉस्फेट सहसा कमी नसतंच.

औषध आहे का? हो, २०१५ पासून आहे. असफोटेस अल्फा, जे हरवलेलं एन्झाइम बाहेरून देतं. साधं एन्झाइम रक्तात टोचून काही उपयोग होत नव्हता, हाडापर्यंत पोचायचंच नाही, म्हणून त्याला दहा अॅस्पार्टिक अॅसिडची एक शेपटी जोडली, ती हाडाच्या खनिजाला चिकटते. २०१२ मध्ये ११ अगदी गंभीर बाळं आणि लहान मुलांवरचे निकाल छापून आले, आणि पुढच्या अभ्यासात औषध घेतलेल्या गंभीर मुलांपैकी ८४ टक्के पाच वर्षांच्या वयापर्यंत जगलेली दिसली, जुन्या काळच्या औषध न मिळालेल्या तशाच मुलांमध्ये ते प्रमाण २७ टक्के होतं. आठवड्यातून तीन किंवा सहा वेळा कातडीखाली इंजेक्शन, जागेवर लाली येते, चरबी कमी-जास्त होते, आणि किंमत प्रचंड. ज्याला फक्त दातांचा त्रास आहे त्याला हे सहसा देत नाहीत. आणि देऊनही, आधीच बिघडलेल्या दातावर नवीन सिमेंटम चढेल अशी अपेक्षा ठेवू नये. उंदरांना जन्मापासून दिलं तेव्हा दात वाचले, पण तिथे दात बनायच्या वेळीच औषध होतं हे लक्षात घ्या.

मग फक्त दातांचं रूप असलेल्या मुलाचं काय करायचं? करायचं बरंच असतं. हलणारे दात स्वतः उपटायचे नाहीत, डेंटिस्ट ठरवेल कुठला किती दिवस ठेवायचा. पुढचे दात गेल्याने बोलण्यात अडखळायला होतं, चावायला त्रास होतो, वर्गात चिडवतात, त्यामुळे लहान मुलांसाठी काढता येणारी कवळी करून देतात आणि मूल वाढतं तशी ती बदलत राहतात. दाढांना कीड लागू नये म्हणून फ्लोराइड, आणि खाचा बुजवणारा सीलंटचा लेप. वर्षातून एक-दोनदा एक्स-रे. क्लिपा लावायच्या असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टला आजार आधी सांगायचा, कारण ढिल्या पकडीवर जोर लावणं सांभाळूनच करावं लागतं. आणि फक्त दातांचं आहे म्हणून फाइल बंद करायची नाही, उंची, चालणं, हाडांचा त्रास यावर लक्ष ठेवायला बालरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, हवाच.

एक धोक्याची गोष्ट जी मोठ्यांना लागू आहे. हाडं ठिसूळ वाटतात म्हणून ज्या गोळ्या देतात त्यातला बिसफॉस्फोनेट हा प्रकार रासायनिकदृष्ट्या पायरोफॉस्फेटचा भाऊच आहे. म्हणजे आधीच ब्रेक लागलेला असताना दुसरा ब्रेक. या आजारात त्या टाळायच्या असतात, मांडीच्या हाडाला विचित्र जागी फ्रॅक्चर होण्याची भीती असते. आता पन्नाशीतल्या बाईंना पावलाला वारंवार फ्रॅक्चर होतंय, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये हाड थोडं कमी आलं, आणि गोळी सुरू झाली, हे किती सहज होऊ शकतं बघा. त्या आधी दोन प्रश्न पुरतात, तुमचं जुनं एएलपी काय होतं, आणि लहानपणी तुमचे दात लवकर पडले होते का. दुसरा प्रश्न बहुतेक कुणी विचारत नाही, पण लोकांना ते आठवतं, "हो, शाळेत जायच्या आधीच माझे पुढचे दात नव्हते, फोटोत दिसतं" असं उत्तर येऊ शकतं. मुलांच्या बाबतीतही तशीच एक काळजी, हाडं मऊ दिसली की मुडदूस समजून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमचा मोठा डोस चालू करतात, पण लहान बाळांच्या रूपात कॅल्शियम आधीच वाढलेलं असतं. एएलपी बघितल्याशिवाय ते करू नये.

राहिला घरातल्यांचा प्रश्न. गंभीर रूप बहुधा आई आणि बाबा दोघांकडून या जीनची एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतं, तेव्हा दर बाळंतपणाला चारात एक असा धोका असतो. सौम्य रूप दोन्ही प्रकारे येतं, कधी दोन प्रतींनी, कधी एकाच प्रतीने. एका प्रतीने कसं होतं, तर हे एन्झाइम जोडीने काम करतं, दोन तुकडे एकत्र आले की चालतं, त्यातला एक खराब असेल तर काही बिघाडांमध्ये तो चांगल्या जोडीदारालाही निकामी करतो. तसं असेल तर दर मुलाला निम्मी शक्यता. म्हणून एका मुलाला निदान झालं की भावंडांचं आणि आईबाबांचं एएलपी बघतात, आणि कित्येकदा बापाचं किंवा आईचं कमी निघतं, आणि मग आजी सांगते की याचेसुद्धा पुढचे दात असेच लवकर गेले होते, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही.